थायरॉइडची गोळी आठ वर्षं चालू, रिपोर्ट चांगला येतो, तरी थकवा जात नाही आणि आवाज बसतो. कुणाला असा अनुभव?

जाईची_वेणी (म्हार्दोळ)
१५ जून

नमस्कार. इथलं बरेच दिवस वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर कुणाला काही सुचवता येणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

मी ४६ वर्षांची, मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. २०१७ मध्ये थायरॉइड निघाला. टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी मंदावली की ते वाढतं) तेव्हा १८ होता, अँटी-टीपीओ (ग्रंथीवर उठणाऱ्या अँटीबॉडी) सहाशेच्या वर. हाशिमोटो आहे असं सांगितलं, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या ग्रंथीवर उठते आणि ती हळूहळू निकामी करते. गोळी २५ पासून सुरू झाली, वाढत वाढत ८८ मायक्रोग्रॅमवर आली. पहिल्या वर्षात जो फरक पडला तो मी विसरलेले नाही. डोळ्यांखालची सूज उतरली, पाळी नियमित झाली, जिना चढताना लागणारी धाप थांबली. तेव्हा गोळीबद्दल माझी तक्रार नाही.

पण गेली दोन-अडीच वर्षं जुनं सगळं एकेक करून परत आलंय. पहाटे पाचला गजर होतो, जाग येते, पण अंग उचलत नाही. दहा-दहा मिनिटं मी खाटेच्या कडेला नुसती बसून असते. मे महिन्यात आमच्या स्टाफरूममध्ये पंखा पाचवर असतो, सगळ्यांच्या पाठी घामाने चिंब, आणि मी पदर खांद्यावरून घट्ट ओढून बसलेली. न्हाताना केसांचा पुंजका हातात येतो. वजन ६२ होतं ते ७१ झालं. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात, फळ्यावर चार ओळी लिहिल्या की खडू हातातून गळतो.

सगळ्यात जास्त भीती वाटली ती मार्चमध्ये. तिसरीच्या वर्गात एक मुलगी हात वर करून उभी होती. पहिलीपासून ती माझ्याच वर्गात आहे, तिची सुटलेली रिबीन मी कितीदा बांधली असेल. "हं, सांग..." म्हणाले आणि पुढे नावच येईना. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि हळूच विचारलं, "बाई, मी सांगू?" मी मान हलवली. मधल्या सुट्टीत मुतारीजवळच्या नळावर तोंड धुऊन आले, पण रडू आवरलं नव्हतं.

आणि आवाज. आमचं महिलांचं भजनी मंडळ आहे. मी काळी चारला गायचे. आता दोन अभंग झाले की गळा घोगरा होतो आणि वरचा सा लागत नाही. गेल्या चवथीला फुगडीला उभी राहिले, दोन फेऱ्यांत ओसरीवर जाऊन बसले. सगळ्यांना वाटलं पाय मुरगळला.

डॉक्टरांकडे फाइल घेऊन दोनदा गेले. टीएसएच २.४. "रिपोर्ट एकदम चांगला आहे. वय होतंय, थोडं होणारच. रोज चालायला जा." दुसऱ्या ठिकाणी तर फाइल उघडलीच नाही, शेवटचा कागद तेवढा पाहिला. बस स्टँडवर उभी असताना वाटलं, माझं म्हणणंच खोटं ठरलंय. घरात कुणी काही बोलत नाही, पण रिपोर्ट चांगला आहे म्हटल्यावर त्यांना तरी काय कळणार?

माझा दिनक्रम असा: पावणेसहाला गोळी. सहाच्या सुमारास पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू येतो, पाव घेते, सव्वासहाला चहा-पाव. सातला डबे करताना कॅल्शियमची गोळी. साडेसातला बस.

विचारायचं ते एवढंच. डोस वाढवून मागावा का? टी-थ्री नावाची वेगळी गोळी असते म्हणतात, ती कुणी घेतली आहे? आणि थायरॉइड सोडून आणखी काही तपासायला हवं का?


औषधवाला (डिचोली)
१५ जून, रात्री

ताई, नमस्कार. मी डॉक्टर नाही, बावीस वर्षं फार्मसीच्या काउंटरवर आहे. डोस वाढवण्याआधी आहे तो डोस पोटात नीट पोचतो की नाही ते बघू. थोडे प्रश्न विचारतो, उत्तरं द्या.

गोळ्यांची बाटली कुठे ठेवता? केस गळतात म्हणून वेगळी गोळी चालू आहे का? अॅसिडिटीची गोळी? आणि रक्त किती वाजता देता?


जाईची_वेणी (म्हार्दोळ)
१६ जून

बाटली स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या फळीवर, म्हणजे सकाळी विसरायला नको. आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवते. केसांसाठी बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी रोज, वर्ष झालं. अॅसिडिटीची नाही. रक्त शाळा सुटल्यावर, चारच्या पुढे, लॅब वाटेवरच आहे म्हणून. ह्याचा काही संबंध आहे?


औषधवाला (डिचोली)
१६ जून

खूपच संबंध आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बायोटिन आधी घेतो, कारण त्याने तुमच्या रिपोर्टवरच शंका येते. टीएसएच मोजणाऱ्या बऱ्याच मशीनच्या पद्धतीत बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन जास्त असलं की मशीन फसतं: टीएसएच खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, टी-फोर, म्हणजे ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन, जास्त दिसतं. ग्रंथीला काहीच झालेलं नसतं, कागद तेवढा चुकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता, तरी आमच्या काउंटरवर केसांची गोळी नेणाऱ्या दहा जणींपैकी एकीलाही हे कुणी सांगितलेलं नसतं. तपासणीआधी निदान दोन दिवस ती बंद हवी. तुमचा डोस मोठा आहे, तेव्हा आठवडाभर बंद ठेवून मगच रक्त द्या, आणि लॅबमध्येही सांगा.

वेळेचं म्हणाल तर टीएसएच रात्री आणि पहाटे चढलेला असतो, दुपारी उतरतो. एकदा सकाळी आणि एकदा चारला दिलं तर दोन आकड्यांची तुलना होत नाही. सकाळी आठच्या आत द्या आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

आता बाटली. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तुमची थायरॉइडची गोळी, उष्णता, ओल आणि उजेड तिन्हीला नाजूक. आमच्याकडे पावसात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे गॅसवरची फळी म्हणजे खालून वाफ आणि बाहेरून दमट हवा. गोळी बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट, बेडरूमच्या कपाटात. फ्रिजमध्येही नको, काढ-घाल करताना आत पाणी धरतं. कप्प्यांची डबी पावसाळ्यात बंद करा.

आणि कॅल्शियम. हा मोठा चोर. कॅल्शियम आणि लोह दोन्ही ह्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात. मध्ये चार तास हवेत, तुमच्याकडे सव्वा तास आहे. दुधाचा चहाही अर्ध्या तासावर आलाय, तो पूर्ण तासावर न्या. सकाळी जमत नसेल तर काही जण रात्री झोपताना घेतात, जेवणानंतर तीन तासांनी. तेही चालतं, पण डॉक्टरांना विचारून आणि रोज तसंच.

एक विनंती, सगळं बदलून चार दिवसांत फरक शोधू नका. ही गोळी रक्तातून निम्मी व्हायलाच सात दिवस लागतात. नवीन पातळी स्थिर व्हायला सहा आठवडे धरा, त्याआधीची तपासणी म्हणजे पैसे वाया. कंपनी बदलली तरी तेच, एकच ब्रँड धरून राहा.


सत्तरीची_माई (वाळपई)
१७ जून

अगो बाय, तुझं ते वर्गातलं वाचून मीच रडले. मी निवृत्त नर्स. मलाही हाच आजार, बारा वर्षं.

तुला खोटं कुणी ठरवू शकत नाही. टीएसएच बरोबर असूनही शंभरातल्या पाच ते दहा जणांना त्रास राहतो, हे डॉक्टरांच्या पुस्तकांतच लिहिलेलं आहे. म्हणून "रिपोर्ट चांगला" इथे बोलणं संपवायचं नसतं, तिथून दुसरीकडे शोधायचं असतं.

माझं काय निघालं सांगते. हिमोग्लोबिन ११.६, सगळे म्हणाले ठीक आहे. एका तरुण डॉक्टरीण बाईंनी फेरिटिन करायला लावलं, ते ९ आलं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन म्हणजे रोजची चूल आणि फेरिटिन म्हणजे कोठीतलं भात. चूल पेटलेली दिसते म्हणून कोठीत कुणी डोकावत नाही. केस जाणं, थंडी वाजणं, धाप, डोकं न चालणं, हे सगळं लोह कमी पडल्यानेही होतं, हुबेहूब थायरॉइडसारखं. शिवाय लोह कमी असलं तर थायरॉइडचं हार्मोनही नीट बनत नाही. तुझ्या वयाला पाळी जास्त जाते का, ते बघ.

दुसरं बी-१२. प्रतिकारशक्तीचा एक आजार असला की त्याची भावंडंही येतात. हाशिमोटोवाल्यांना बी-१२ न शोषलं जाण्याचा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. बोटांना मुंग्या येतात म्हणतेस, तर हे करच. गव्हाने पोट बिघडत असेल तर सिलियाकची तपासणीही सांगतील, त्यातही गोळी शोषली जात नाही. मुंग्या रात्री वाढत असतील आणि अंगठ्यापासून तीन बोटांतच येत असतील तर मनगटातली नस दाबली जाते, तेही ह्याच आजारात होतं.

आणि ४६ व्या वर्षी पाळी जाण्याचे दिवसही जवळ येतात. ते खरं आहे, पण सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होऊ देऊ नकोस.

एक काम कर. दोनशे पानी वही घे, रोज चार ओळी लिही: किती वाजता उठलीस, गोळी कधी, चहा कधी, काय जमलं नाही. डॉक्टरांना "थकवा आहे" म्हटलं की ते रोज पन्नास वेळा ऐकतात. "महिन्यात अकरा दिवस फळ्यावर लिहिता आलं नाही" म्हटलं की मान वर करतात. चाळीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे उभी राहून हे पाहिलंय.


मडगावकर_५२
१७ जून

मी पुरुष, पण मलाही आहे. टीएसएच २, तरी दिवसा गाडी चालवताना डोळे मिटायचे. बायको म्हणायची घोरतोस आणि मध्येच श्वास थांबतो. झोपेची तपासणी केली, स्लीप अॅप्निया निघाला. रात्री मशीन लावतो, दोन आठवड्यांत माणसात आलो. घोरता का, घरच्यांना विचारून बघा.


निसर्गमार्ग
१८ जून

गोळ्या जन्मभर कशाला? माझ्याकडे धणे आणि समुद्री शेवाळाचा काढा आहे, तीन महिन्यांत गोळी सुटते. मेसेज करा.


औषधवाला (डिचोली)
१८ जून

कृपा करून असं इथे लिहू नका. हाशिमोटोमध्ये ग्रंथीच मोडलेली असते, तिथे शेवाळातल्या आयोडीनचा मारा केला तर उलट बिघडतं. मीठ आयोडीनवालं, वर आमच्या ताटात मासळी, आम्हाला आयोडीन कमी पडत नाही. माझ्या मावसबहिणीने अशाच काढ्यावर विसंबून चार महिने गोळी सोडली. टीएसएच नव्वदच्या वर गेला, तोंड-पाय सुजले, बोलणं जड झालं. दवाखान्यात दाखल करावं लागलं. ताई, बाकी काहीही करा, गोळी सोडू नका.


पेडण्याची_लेक
२० जून

टी-थ्रीबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. माझी पूर्ण ग्रंथी २०१९ मध्ये ऑपरेशन करून काढली.

आपण घेतो ती गोळी टी-फोर. शरीर तिचं टी-थ्री करून वापरतं. काही जणांत हे रूपांतर कमी पडत असावं, म्हणून दोन्ही एकत्र देऊन पाहतात. एंडोक्रिनॉलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, मला आधीच सांगितलं की ह्यावरचे अभ्यास एकमुखी नाहीत, सरसकट कुणाला देत नाहीत, बाकी सगळी कारणं तपासून झाल्यावर काही महिने करून बघायचं आणि फरक नसेल तर थांबायचं. ईसीजी काढला, टी-फोर थोडी कमी केली आणि लायोथायरोनिन (हीच टी-थ्रीची गोळी) ५ मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा दिली. गोळी इथे सहज मिळेना, मागवावी लागली.

पहिले पंधरा दिवस मला वाटलं जिंकले. घर झाडून काढलं, माळा आवरला. मग दुपारी छातीत धडधड सुरू झाली, हात थरथरायचे, रात्री झोप नाही. डोस कमी करून पाहिला. तीन महिन्यांनी हिशेब केला तर आधीपेक्षा वेगळं काही नव्हतं, बंद केली. माझ्या ओळखीतल्या एकीला मात्र त्याच गोळीने बरं वाटलं, ती आजही घेते. त्यामुळे मी घ्या किंवा नको असं काहीच म्हणणार नाही. फक्त स्वतःहून मागवून घेऊ नका. आणि टी-फोरही मनाने वाढवू नका. जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. आपल्या वयाच्या बायकांना तेच जड जातं.


जाईची_वेणी (म्हार्दोळ)
१४ सप्टेंबर

तुम्हा सगळ्यांना तीन महिन्यांनी उत्तर देते आहे, माफ करा. सहा आठवडे धरा म्हणालात म्हणून थांबले होते.

बायोटिन बंद करून आठ दिवसांनी, सकाळी साडेसातला, गोळी न घेता रक्त दिलं. टीएसएच ६.८. तो कागद हातात घेऊन मी लॅबच्या बाकावर बसून राहिले. आजार वाढलेला दिसतोय आणि आपल्याला आनंद होतोय, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. पण माझं शरीर दोन वर्षं जे सांगत होतं ते पहिल्यांदा कागदावर आलं होतं.

बाटली कपाटात गेली. गोळी सव्वापाचला, खाटेवरच, तांब्या उशाशी. चहा सव्वासहालाच राहिला, फक्त आता मध्ये पुरता तास जातो. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. ५ ऑगस्टला पुन्हा रक्त दिलं, टीएसएच ३.१. डोस तोच ८८, एक मायक्रोग्रॅमही वाढवला नाही. औषधवाले दादा, ह्याचं श्रेय तुम्हाला.

माई, तुमचं कोठीचं उदाहरण मी कधी विसरणार नाही. फेरिटिन ११, बी-१२ सुद्धा कमी. बी-१२ ची इंजेक्शनं झाली, लोहाची गोळी रात्री दहाला घेते. वही घेऊन एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी ती वाचली. एकेक पान उलटून वाचली, मध्ये दोनदा पेन्सिलने खूण केली. मी समोर बसून फक्त त्यांचा हात बघत होते. टी-थ्रीबद्दल विचारलं तर म्हणाले, लोह भरून यायला सहा महिने द्या, त्यानंतर बोलू, दार बंद नाही. मनगटाला रात्री पट्टा लावते, खडू आता गळत नाही. घोरत नाही असं घरच्यांनी सांगितलं, तेव्हा तो प्रश्न मिटला.

सगळं गेलं असं नाही. वजन दोनच किलो उतरलं. केस अजून जातात. आठवड्यातून एखादा दिवस अजूनही असा उगवतो की खाटेच्या कडेवरून उठवत नाही. पण आधी ते दिवस महिन्यात अकरा-बारा होते, ऑगस्टमध्ये पाच होते. वहीत आहे. वर्गात नाव विसरले नाही. त्या मुलीला आता चौथीत दुसऱ्या बाई आहेत, व्हरांड्यात दिसली की मी मुद्दाम नावाने हाक मारते.

आवाजासाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. स्वरतंतूंवर थोडी सूज, थायरॉइड आणि वर्गातलं ओरडणं दोन्हीची. गाठ वगैरे काही नाही. गळ्यात अडकवायचा छोटा माइक घेतला, मुलांना त्याची फार मौज वाटते.

चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायचं फळा-पानांचं छत) बांधताना मंडळातल्या बायका आल्या होत्या. पेटीवर बसणाऱ्या वहिनींनी मला न विचारताच सूर काळी दोनला, माझ्या जुन्या पट्टीच्या खाली, धरला. गेल्या वर्षी असं कुणी केलं असतं तर मी उठून गेले असते. यंदा गायले. पाच अभंग आणि आरती. वरचा सा काळी दोनचा का होईना, स्वच्छ लागला. फुगडीच्या चार फेऱ्या झाल्या, पाचव्या फेरीला स्वतःच हात सोडून बाजूला झाले.

पुढची तपासणी डिसेंबरमध्ये, फेरिटिनसकट. आकडे इथे टाकते. पेडण्याच्या ताई, त्यानंतर टी-थ्रीचा विचार करायचा झाला तर तुम्हाला आधी विचारीन.